मुळशीचं पाणी, मुंबईची वीज आणि शिरवत्याचा नवा करार

आजचा भाग विजेवर आहे आणि सरकारी धोरणावर आहे. थांबा, लगेच पुढच्या एपिसोडवर जाऊ नका! यात तुरुंग आहे, सावकार आहेत, पिस्तूल घेऊन रेल्वे अडवणारा एक माणूस आहे. आणि हे सगळं लोणावळ्याला भजी खायला जाताना जे तलाव दिसतात, त्यांच्याभोवतीचं आहे.

आधी आजची बातमी. ऑगस्ट 2023 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात एक सामंजस्य करार झाला. दोन प्रकल्प, एकूण 2,800 मेगावॅट, गुंतवणूक सुमारे 13,000 कोटी रुपये. त्यातला 1,800 मेगावॅटचा मावळात शिरवत्याला (बरेच जण शिरोता म्हणतात), आणि 1,000 मेगावॅटचा खाली रायगड जिल्ह्यात भिवपुरीला. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने अशा प्रकल्पांसाठी वेगळं धोरणही आणलं. याला म्हणतात पंप्ड स्टोरेज, मराठीत उदंचन. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. दुपारी ऊन असतं, सौर वीज भरपूर असते, तेव्हा खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, एसी, चार्जर एकदम सुरू होतात, तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे डोंगर हीच एक मोठी बॅटरी.

आता गंमत बघा. हा डोंगर विजेसाठी पहिल्यांदा वापरला गेला त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली.

1900 च्या आसपासची मुंबई म्हणजे गिरण्यांची मुंबई. गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, आणि धुराने शहर काळवंडायचं. दुसरीकडे लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटाच्या कड्यावरून खाली कोकण जवळजवळ पाचशे मीटरवर आहे. पावसाळ्यात वर पाणी साठवायचं, पाइपातून खाली खोपोलीला सोडायचं, तिथे टर्बाइन फिरवायचं आणि वीज तारांवरून मुंबईला न्यायची. ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते 1904 मध्ये गेले, पण मुलांनी काम पुढे नेलं. 1910 मध्ये कंपनी निघाली, 1911 मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली, आणि 1915 मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव तेव्हाचे. मग ठोकरवाडीचं धरण आणि 1922 मध्ये भिवपुरीचं वीज केंद्र. त्या कंपनीचं नाव 'आंध्रा व्हॅली'. मी लहानपणी समजायचो की हैदराबादकडचं काहीतरी असेल! ती आंध्रा म्हणजे आपल्या आंदर मावळातली नदी, इंद्रायणीला मिळणारी.

म्हणजे 'स्वच्छ वीज' हे धोरण आपल्याकडे सोलर पॅनलबरोबर आलेलं नाही. कोळसा कमी, धूर कमी, देशी भांडवल, देशी उद्योग. त्या काळाच्या मानाने हे खरोखर पुढारलेलं काम होतं, आणि ते नाकारण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

पण पाणी साठवायला जमीन लागते.

आता मावळच्या दक्षिणेला, शेजारच्या मुळशीला येऊ. तेव्हा तो मुळशी पेटा. मुळा आणि निळा नद्यांचं खोरं, आंबेमोहोर भाताचा मुलूख. तिथे तिसरं मोठं धरण ठरलं आणि पन्नासेक गावं बाधित होणार होती. जमीन घ्यायला हत्यार कोणतं? 1894 चा भूसंपादन कायदा. त्यात एक खुबी होती: काम लोकांच्या उपयोगाचं आहे असं सरकारला पटलं, तर खाजगी कंपनीसाठीही सरकार शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेऊ शकत होतं. शेतकऱ्याची संमती हा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त किती पैसे, एवढाच.

तर 16 एप्रिल 1921, रामनवमी. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. काम काही महिन्यांसाठी थांबलं, पावसाळ्यानंतर पुन्हा सुरू झालं, आणि मग धरपकड, तुरुंगवास. बायकाही मागे नव्हत्या. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना फेरविचार करायला सांगितलं. पुढे आले पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, एडिंबरोला शिकायला जाऊन बाँब बनवायची विद्या घेऊन परतलेले. 'सेनापती' ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने राबले. 1924 मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगायला गेले. 1927 मध्ये भिऱ्याचं वीज केंद्र सुरू झालं. धरण झालंच.

आता शाळेच्या पुस्तकात न सापडणारा भाग. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या किंवा त्यांच्या नावावरच होत्या. कसणारा मावळा, पण कागदावर सावकार. सरकारने मोबदला रोख ठरवला तेव्हा सावकाराचं बरंच जमून गेलं: अडकलेलं कर्ज एकरकमी मोकळं! कुळाच्या हातात काय आलं? म्हणून लढाईत पुण्याचाच पाठिंबा फुटला. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. मोबदला ज्या पद्धतीने द्यायचा ठरतो, त्यावरच कोण वाचतं आणि कोण बुडतं हे ठरतं, एवढं त्यातून दिसतं.

त्यानंतर कायदे बदलले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने 1976 मध्ये केला, म्हणजे मुळशीनंतर पन्नास वर्षांनी. केंद्राचा 2013 चा कायदा तर म्हणतो की खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी. बापटांना हे ऐकून हसू आलं असतं की रडू, सांगता येत नाही. पण एक फट आहे. ही अट सरकारने जमीन संपादन केली तर. कंपनीने थेट खरेदी केली, किंवा जमीन शंभर वर्षांपूर्वीच ताब्यात आलेली असली, तर ते 80 टक्के कुणाला विचारायचे?

दुसरीकडे त्याच सरकारची एक वेगळी योजना बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0. सोलरसाठी जमीन भाड्याने, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते. दोन्ही 'हरित ऊर्जा', दोन्ही महाराष्ट्र सरकार, पण एकीकडे वार्षिक भाडं आणि तलावाकाठच्या गावांना 1920 च्या दशकातला एकदाच दिलेला मोबदला. सौर जमिनीला जे जमतं ते पाण्याखालच्या जमिनीला का जमू नये, हा प्रश्न मी तरी धोरण लिहिणाऱ्यांना विचारेन.

आणि पाण्याचंही एक आहे. ही धरणं भीमेच्या खोऱ्यातलं पाणी उलट्या दिशेने कोकणात सोडतात, वर्षाला सुमारे 42 टीएमसी. दुष्काळ पडला की पुण्यापासून उजनीपर्यंत हा हिशोब निघतो. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेत जातं, त्यावरच कोलाडला तुम्ही राफ्टिंग करता. वरच्या गावाला ते पाणी फक्त दिसतं.

आता एक काम तुमच्यासाठी. मावळ-मुळशीत तुमचं गाव असेल, आणि आजोबा-पणजोबांच्या पेटीत भूसंपादनाची जुनी नोटीस, निवाड्याची प्रत, मोबदल्याची पावती असं काही असेल, तर फोटो काढून पाठवा. मोडी असली तरी चालेल, वाचून घेऊ. त्यावर नाव कुणाचं आहे आणि पैसे कुणी उचलले, ते बघायचंय.