बाल कल्याण समिती

बाल कल्याण समिती : काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांबाबत निर्णय घेणारी भारतातील जिल्हास्तरीय वैधानिक यंत्रणा. पालकांकडूनच मारहाण, शोषण वा हेळसांड होणारी मुलेही तिच्या कक्षेत येतात.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 नुसार समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

पोलीस, डॉक्टर, परिचारिका, कोणताही जागरूक नागरिक बालकाला समितीपुढे आणू शकतो. बालक स्वतःही येऊ शकते. बालकाला समितीपुढे हजर करण्यासाठी प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांची मुदत आहे. समिती सामाजिक चौकशी अहवाल मागवून बालकाला पालकांकडे परत पाठवणे, योग्य व्यक्तीच्या ताब्यात देणे, प्रतिपालक कुटुंबात किंवा बालगृहात ठेवणे यांपैकी योग्य तो निर्णय घेते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानला जातो.

बालकाशी क्रौर्याने वागणाऱ्या पालकाला कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र परिस्थितीने हतबल झालेल्या जन्मदात्यांनी मूल सोडल्यास ते हेतुपुरस्सर मानले जात नाही. तक्रारीसाठी असलेली 1098 ही दूरध्वनी सेवा 1996 मध्ये मुंबईत सुरू झाली.