ड्रिफ्टिंगमधील ब्रेकतंत्र

ड्रिफ्टिंगमधील ब्रेकतंत्र : मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवून गाडी आडवी घसरवत वळणातून नेणे म्हणजे ड्रिफ्टिंग. १९७० च्या दशकात जपानमध्ये हे कसब रुजले. कुनिमित्सु ताकाहाशी यांनी ते शर्यतीत वापरले, केइची त्सुचिया यांनी घराघरांत पोहोचवले. प्रेक्षकांचे लक्ष धुराकडे असते. चालकाची खरी परीक्षा ब्रेकवर होते.

ब्रेक दाबला की गाडी नाकावर झुकते. १,२०० किलोची, पुढे-मागे सारखे वजन असलेली गाडी घ्या : दोन आसांत २.५ मीटर अंतर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच. गुरुत्वाच्या ०.८ पट मंदनाने ब्रेक लागला, तर सुमारे १९२ किलो भार पुढे सरकतो आणि मागच्या चाकांवर ६०० ऐवजी ४०८ किलो उरतो. ब्रेक पुरता न सोडता तेव्हाच स्टिअरिंग वळवले, की हलकी झालेली मागची बाजू बाहेर फेकली जाते. ड्रिफ्ट सुरू करण्याची ही सर्वांत सफाईदार रीत.

हँडब्रेकने हेच झटक्यात साधते. क्लच दाबायचा, दांडा ओढून मागची चाके जाम करायची, मग दांडा आणि क्लच दोन्ही सोडून लगेच अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. क्लच विसरला तर चाकांबरोबर इंजिनही बंद पडते. साध्या गाडीचा दांडा कटकट करत दातांवर अडकतो. ड्रिफ्टच्या गाडीत स्टिअरिंगजवळ उभा हायड्रॉलिक दांडा असतो. हात काढताच तो सुटतो. त्याला मागच्या चाकांवर स्वतंत्र कॅलिपर दिले, तर पायाच्या ब्रेकमध्ये ढवळाढवळ होत नाही.

ड्रिफ्ट चालू असताना उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून डाव्याने ब्रेक दाबतात. इंजिन मागची चाके फिरवत ठेवते, पुढची चाके वेग उतरवतात. दोन गाड्या जोडीने धावताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर असेच राखले जाते.

समतोलाचा प्रश्न इथेच येतो. पायाच्या ब्रेकचा जोर मागे जास्त गेला, तर फिरती चाके थांबून ड्रिफ्ट मोडतो. पुढे अति झाला, तर पुढची चाके जाम होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून पायाचा ब्रेक पुढे झुकता ठेवून मागची चाके जाम करण्याचे काम हँडब्रेकवर सोपवणे उत्तम. समतोल बदलताना एका वेळी थोडाच बदलावा आणि मोकळ्या ट्रॅकवर तपासावा. मागे जास्त ब्रेक लागणारी गाडी ओल्या रस्त्यावर सरळ जातानाही गिरकी घेते. ती रहदारीत आणू नये.