गिर्ये येथील गोदी

बंगळुरात बसून आरमाराविषयी लिहावे हे काहीसे हास्यास्पदच. समुद्र येथून रात्रभराच्या प्रवासावर. परंतु एका रविवारी उलसूर तलावाकाठी आम्ही मित्रमंडळी फिरावयास गेलो असता, पालथी घातलेली एक शिडाची होडी व तिच्या बुडाचे शेवाळ खरवडणारा मनुष्य दृष्टीस पडला. गोड्या पाण्यात ही गत, तर खाऱ्या पाण्यात गुराबांची काय होत असेल, असे एक कोकणवासी मित्र उद्गारले. त्यांच्या त्या उद्गारातून हा लेख उद्भवला.

आंग्र्यांच्या लढाया आपण शाळेपासून वाचत आलो. त्या लढणाऱ्या जहाजांची बुडे कोणी व कोठे साफ केली, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नाही. खाऱ्या पाण्यात काही महिने राहिलेल्या लाकडी जहाजाच्या बुडास शेवाळ व कवचधारी जीव चिकटतात आणि त्याची गती मंदावते. शिवाय लाकूड पोखरणारा समुद्रकिडा फळ्या आतून पोकळ करतो. आंग्र्यांचा सारा भर तर वेगावर होता. त्यांच्या गुराबा दीडशे ते तीनशे टनांच्या, रुंद पण उथळ बुडाच्या. गलबते चाळीस-पन्नास वल्ह्यांची. शत्रूच्या जड जहाजाच्या पिछाडीस जाऊन तोफा डागावयाच्या, तर बूड स्वच्छ हवेच.

यासाठी विजयदुर्गापासून थोड्या अंतरावर, वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये येथे गोदी होती. बरीचशी खडकात खोदलेली, उरलेली दगडी बांधकामाने पुरी केलेली; लांबी सुमारे 355 फूट, रुंदी सुमारे 227 फूट. अशा गोदीची युक्ती साधी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज आत घ्यावयाचे, ओहोटीने पाणी उतरले की तोंड बंद करावयाचे. बूड कोरडे पडले की खरवडणे, सडकी फळी बदलणे, सांधे ठासून भरणे, राळ-तेलाचा लेप देणे. आणि पुढच्या उधाणास जहाज बाहेर. उथळ बुडाचा लाभ येथेही होता. बेताच्या भरतीतही अशी जहाजे आत येत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे 1715-16) आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्यापूर्वी काही दिवस आरमार दुर्गाच्या आश्रयाने छावणीस न्यावे, आणि दरसाल एकाच बंदरी ठेवू नये, असे त्यात सांगितले आहे. जहाजांसाठी सागासारखी झाडे परवानगीने तोडावी, पण रयतेच्या आंबा-फणसांस हात लावू नये, हेही तेथेच. नव्या खरेदीस टाळ्या आणि ‘दुरुस्ती व देखभाल’ या सदरास कात्री, हा अनुभव आम्हां कारकुनांस नित्याचा. अमात्यांची दृष्टी पाहून म्हणूनच आमचे मन भरून आले.

इंग्रजही याच विवंचनेत होते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांनी मुंबईत बांधलेली सुकी गोदी 1750 मध्ये तयार झाली. बुडास तांब्याचे पत्रे ठोकण्याची रीत त्यांच्या आरमारात सर्रास झाली ती मात्र 1780 च्या सुमारास. म्हणजे 1756 मध्ये विजयदुर्गावर आलेल्या वॉट्सनच्या जहाजांपाशी बुडाच्या बाबतीत फारशी अधिक विद्या नव्हती.

तरी फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि ते गोदीपासून फार दूर नव्हे. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली, ती एकमेकांलगत नांगरलेल्या जहाजांत पसरली. या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांचे दोस्त होते, हे लिहिताना लेखणी अडखळते. जी जहाजे किडा, कालवे आणि पावसाळा यांपासून वर्षानुवर्षे जपली, ती अशी गेली.

पुढे किल्ला पेशव्यांकडे आला. आनंदराव धुळपांनी याच खाडीत आरमार उभे केले आणि 1783 मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ हे जहाज पकडले. विजयदुर्ग 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. गोदी आता गाळाने बरीच भरून गेली आहे. रजेवर कोकणात जाणाऱ्यांनी किल्ला पाहून परत फिरण्याची घाई करू नये. तेथून गिर्ये फार लांब नाही.