उशिरा वैद्यकीय शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी महाविद्यालयाची निवड

अन्य व्यवसायातून वैद्यकशास्त्राकडे वळू इच्छिणाऱ्यांना एमबीबीएस प्रवेशासाठी आता कमाल वयोमर्यादा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली ती अट काढून टाकली. त्याआधीच, २०२० च्या ‘नीट’मधून ओडिशातील ६४ वर्षांच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना बुर्ला येथील शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. बारावीला जीवशास्त्र नसलेल्या अभियंत्यांनाही तो विषय नंतर अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण करून परीक्षेस बसण्याची मुभा २०२३ साली मिळाली.

पसंतीक्रम भरताना खरी अडचण वयापेक्षा वास्तव्याची येते. राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात; उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी अधिवासासोबत दहावी व बारावीही सर्वसाधारणपणे याच राज्यातून उत्तीर्ण असावी लागते. इंदूर वा बडोद्यात शिकलेल्या मराठी उमेदवारास येथे मातृभाषेचा उपयोग नाही. त्याने तेथील राज्याचे नियम प्रथम पाहावेत. ‘एम्स’मध्ये राज्याची अट नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मात्र वयाची आणि अविवाहित असण्याची अट आहे, तेव्हा प्रौढ उमेदवाराने ते नाव यादीत न घातलेले बरे.

संसाराची जबाबदारी असणाऱ्यांनी शुल्काइतकेच सेवाबंधपत्र काळजीपूर्वक वाचावे. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातील पदवीनंतर एक वर्षाची सेवा बंधनकारक आहे. अन्य राज्यांत मुदत व दंड निराळे. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यापुढे एक वर्ष आंतरवासिता. पहिल्या वर्षाची परीक्षा उत्तीर्ण होण्यास चारच संधी मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांनंतर अभ्यासक्रम सुरू ठेवता येत नाही.