पांथस्थाचा हक्क आणि यजमानाची श्रद्धा

इंग्लंडच्या जुन्या रूढिजन्य कायद्यात सराईवाल्यास आपले गिऱ्हाईक निवडण्याची मुभा नव्हती. जागा रिकामी असेल आणि वाटसरू दाम मोजण्यास तयार असेल, तर सबळ कारणावाचून त्याला परत पाठविता येत नसे. रात्री दार बंद झाले, तर परक्या गावात माणसाने जावे कोठे, हा त्यामागील साधा विचार होता. १९४३ साली थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन यांना केवळ वर्णामुळे लंडनच्या इंपीरियल हॉटेलात राहू दिले नाही, तेव्हा याच जुन्या नियमाच्या आधारे १९४४ साली त्यांनी दावा जिंकला. भरपाई मिळाली ती अवघी पाच गिनी. पण हक्क सिद्ध झाला.

सामान्य दुकानदारास मात्र हा नियम लागू नव्हता. ही उणीव पार्लमेंटने टप्प्याटप्प्याने भरून काढली. वस्तू व सेवा देताना वंशभेद करण्यास १९६८ च्या कायद्याने बंदी केली. समलिंगी ग्राहकांना तसे संरक्षण मिळण्यास २००७ साल उजाडावे लागले.

आता श्रद्धेचा प्रश्न पुढे आला. २००८ साली कॉर्नवॉलमधील एका ख्रिस्ती हॉटेलचालक दांपत्याने कायदेशीर नोंदणी झालेल्या दोघा पुरुष जोडीदारांना एकत्र खोली नाकारली. त्यांची श्रद्धा खोटी होती असे कोणीच म्हटले नाही. तरीही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. उलट, २०१४ साली बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहिण्यास नकार दिला, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१८ साली बेकरीची बाजू उचलून धरली. दोन्ही प्रकरणांतील मुख्य निकालपत्र लेडी हेल यांचेच.

वरवर पाहता हे परस्परविरोधी वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. हॉटेलात माणूस नाकारला गेला, बेकरीत मजकूर. तो मजकूर बेकरीने कोणत्याही गिऱ्हाइकास लिहून दिला नसता, आणि त्या गिऱ्हाइकाला दुसरा केक खुशाल विकला असता. मनाला न पटणारे शब्द कोणाकडून वदवून घेऊ नयेत. पण व्यवसायासाठी सर्वांस उघडलेले दार एखाद्यापुरते लावून घेऊ नये.

ही सीमा नेहमीच इतकी स्पष्ट राहणार नाही. विवाहाची संकेतस्थळे रचणे हीही अभिव्यक्तीच, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मानले. या न्यायाने प्रत्येक धंदा 'अभिव्यक्ती' ठरू लागला, तर पांथस्थाने शतकानुशतके मिळविलेला हक्क नावापुरताच उरेल, ही आमची चिंता आहे.