टीव्ही गेमच्या पडद्यावर ‘कन्नड’

नव्वदच्या दशकात मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांत टीव्हीला जोडून खेळायचा ‘व्हिडिओ गेम’ हे मुलांचे मोठेच आकर्षण होते. ‘लिटल मास्टर’सारख्या नावांनी भारतात विकली गेलेली ही यंत्रे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात फॅमिकॉमच्या नकला होत. एका पिढीने त्यांवर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले. मराठी अक्षर मात्र त्या पडद्यावर क्वचितच दिसले. माळ्यावर पडलेल्या त्याच यंत्रासाठी आज घरबसल्या नवा खेळ रचता येतो आणि त्यासाठी लागणारी सॉफ्टवेअर साधने विनामूल्य आहेत.

या यंत्रांचा शिक्षणासाठी उपयोग करण्याची कल्पना भारतीय बाजारातूनच पुढे आली. कीबोर्डसह सुमारे १२ डॉलरला मिणारा असा ‘टीव्ही संगणक’ अमेरिकी संशोधक डेरेक लोमास यांना भारतात आढळला आणि २००८ च्या सुमारास ‘प्लेपॉवर’ हा प्रकल्प उभा राहिला. पुढे मॅकआर्थर फाउंडेशनने त्यास साहाय्य दिले. स्वस्त यंत्र घराघरांत आहेच, उणीव आहे ती चांगल्या खेळांची, असा त्यामागील विचार होता.

यंत्राची कुवत आरंभीच ध्यानात घ्यावी. त्याचा मेंदू ६५०२ जातीचा आठ-बिटी प्रोसेसर असून कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट आहे. युनिकोडमधील मराठीचा एखादा परिच्छेदच काय तो तीत मावेल. चित्रासाठी निराळी चिप असते. ती २५६ गुणिले २४० बिंदूंचा पडदा आठ-आठ बिंदूंच्या फरशांनी भरते.

साधनांत पहिले नाव ‘सीसी६५’ या संचाचे. त्यात सी भाषेचा कंपायलर, असेम्ब्लर आणि लिंकर असतात. विंडोज व लिनक्स या दोन्हींवर तो चालतो. लक्ष्य यंत्र ‘एनईएस’ असल्याचे त्यास सांगावे लागते. लिंकरला स्मृतीचा नकाशा देणारी एक छोटी फाईल लागते. साध्या कॅसेटसाठी ३२ किलोबाइट प्रोग्रॅमला आणि ८ किलोबाइट चित्रांना, एवढी वाटणी पुरते. तयार फाईलच्या आरंभी १६ बाइटचे शीर्षक असते. ते चुकल्यास एम्युलेटर खेळ उघडतच नाही. फरशा रंगविण्यासाठी ‘वायवाय-सीएचआर’ आणि तपासणीसाठी ‘एफसीईयूएक्स’ किंवा ‘मेसेन’ हे एम्युलेटर घ्यावेत. प्रोग्रॅम पायरीपायरीने थांबवून पाहण्याची सोय दोहोंत आहे.

पहिला प्रयोग म्हणून पडद्यावर ‘कन्नड’ हा शब्द उमटवावा. यंत्रात कोणत्याही लिपीची अक्षरे मुळात नसतात, त्यामुळे इंग्रजीचा वरचष्मा येथे आपोआप संपतो. आठ बिंदूंच्या चौकटीत इंग्रजी अक्षर सुखाने बसते, देवनागरीची मात्र घुसमट होते. म्हणून १६ गुणिले १६ बिंदूंचे अक्षर घ्यावे. ‘क’, ‘न’, ‘ड’ यांना प्रत्येकी चार फरशा आणि अर्ध्या ‘न्’ला दोन, अशा १४ फरशांत हा शब्द होतो. एका फरशीस १६ बाइट लागतात, म्हणजे गावाचे नाव २२४ बाइटचे झाले! शिरोरेषा सर्व फरशांत एकाच ओळीवर आखली की शब्द अखंड दिसतो. येथे देवनागरीचा गुण कामी येतो. वरच्या मात्रांसाठी आणि खालच्या उकारांसाठी मिळून आठ बिंदू अधिक ठेवल्यास पडद्यावर दहा ओळी बसतात. ऱ्हस्व वेलांटी मात्र उच्चाराच्या क्रमाने नव्हे, दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाआधी ठेवावी लागते. पार्श्वभूमीस एका वेळी २५६ फरशा मिळतात. ३६ व्यंजनांतच १४४ संपतात, हे भान ठेवूनच जोडाक्षरे निवडावीत.

चित्रांचेही तसेच. कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यांतील हत्तींची रांग खेळात घ्यावयाची झाल्यास ती पार्श्वभूमीत घ्यावी. एकच हत्ती पुनःपुन्हा मांडता येतो. हलत्या आकृती म्हणून घेतल्यास एका आडव्या रेषेवर अशा आठच तुकड्यांची मर्यादा आड येते. १६ बिंदू रुंद हत्तीस दोन तुकडे लागतात, तेव्हा पाचवा हत्ती गुप्त झालाच म्हणून समजावे.

नवशिक्यांची फसगत बहुधा वेगापाशी होते. अमेरिकी व जपानी यंत्रे सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवितात. भारतात टीव्हीची पद्धत ‘पाल’ असल्याने येथील यंत्रे ५० दाखवितात. एम्युलेटरवर चपळ वाटलेला खेळ घरच्या टीव्हीवर एक-षष्ठांशाने मंदावतो, संगीतही रेंगाळते. त्यातही पाल पद्धतीच्या अनेक नकली यंत्रांत चित्र बदलण्यासाठी मिळणारा अवकाश निन्टेन्डोच्या युरोपी यंत्राइतका दीर्घ नसतो. त्यामुळे एम्युलेटर ‘डेंडी’ या पर्यायावर ठेवूनच तपासणी करावी. रशियात खपलेल्या अशाच नकली यंत्राचे ते नाव होय.

खेळ प्रत्यक्ष यंत्रावर चढविणे हे सर्वांत खर्चिक काम. अमेरिकी एनईएसमध्ये परकी कॅसेट रोखणारी चिप होती. फॅमिकॉममध्ये ती नव्हती आणि त्याच्या नकलांतही नाही, ही जमेची बाजू. जुनी स्वस्त कॅसेट उघडून नवी चिप बसविण्याचा बेत मात्र बहुधा फसतो, कारण आत सुट्या चिपऐवजी काळ्या रेझिनचा गोळा निघतो. सुट्या चिपांची कॅसेट मिळालीच, तर ३२ व ८ किलोबाइटच्या ईप्रॉम वापरता येतात. पायांची जुळणी तपासावी आणि प्रोग्रॅमर यंत्र व सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शोधावेत. मेमरी कार्डावरून खेळ चालविणारी ‘एव्हरड्राइव्ह एन८’ कॅसेट हा सोपा, पण महाग मार्ग. ती दोन प्रकारांत निघाली. आपल्याकडील यंत्रांना बहुधा ६० पिनांची फॅमिकॉम आवृत्ती लागते, ७२ पिनांची एनईएस आवृत्ती त्यांत शिरतच नाही. मागविण्यापूर्वी माळ्यावरचे यंत्र खाली काढून खाचेतील पिना मोजून घ्याव्यात.