बडोदेकरांच्या घरचा लेथ

मराठीत 'कातणे' हे एकच क्रियापद दोन धंद्यांना पुरते. सूत कातले जाते आणि लाकूडही कातले जाते. जुन्या वाड्यांच्या खांबांना आपण 'कातीव' म्हणतो, ते लाकूड फिरते ठेवून त्यावर हत्यार धरणाऱ्या कातारी कारागिरांमुळे. गुजरातीत त्या यंत्राला 'संघाडो' आणि कारागिराला 'खरादी' म्हणतात. संखेड्याच्या खराद्यांनी कातलेला, लाखेने रंगवलेला पाळणा किंवा झोपाळा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी हलला आहे. कातण्याची विद्या या मुलखाला नवी नव्हती. नवे होते ते लोखंड-पोलाद केसाइतक्या काटेकोर मापाने कातणे, आणि त्याहूनही नवे म्हणजे ही विद्या लेखणीवर जगणाऱ्या घरांत शिरणे.

१७३४ साली बडोदे गायकवाडांच्या हाती कायमचे आले. त्यांच्यामागून घाटावरून आणि कोकणातून जी कुटुंबे येथे उतरली, ती शिलेदार, फडणीस, मुजुमदार, कारकून, पुराणिक अशी. दसऱ्याला आपल्याकडे तलवारीची पूजा होई किंवा दौत-लेखणीची. कानस, छिन्नी, हातोडा ही दुसऱ्यांची दैवते होती. तेलाचे हात हा कमीपणा मानला जाई, हे आज लिहिताना संकोच वाटतो. पण ते लपवून इतिहास लिहिता येणार नाही.

या समजुतीला पहिला मोठा तडा १८९० साली गेला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापन केले आणि त्याची सूत्रे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हाती दिली. गज्जर सुरतेचे, सुतार समाजातले आणि रसायनशास्त्राचे जाणकार. हातांनी काम करणाऱ्याला शास्त्र कळले पाहिजे आणि ते त्याच्या मातृभाषेतून कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. रंगकाम, विणकाम, चित्रकला यांच्या जोडीने यंत्रविद्याही तेथे शिकवली जाऊ लागली. दादासाहेब फाळके येथे येऊन छायाचित्रण आणि इतर कला शिकून गेले, याचा अभिमान आपण वारंवार मिरवतो. यंत्रशाळेत लेथपुढे उभे राहिलेल्या मुलांचे नाव मात्र कोणी घेत नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याची तंत्रविद्या शाखा बनले; तरी जुन्या बडोदेकराच्या तोंडी अजूनही 'कलाभवन'च आहे.

आपल्याच लोकांपैकी दुसरे उदाहरण बडोद्याबाहेरचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावी सायकलींपासून आरंभ केला आणि पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिले आणि १९१० साली सगळा कारखाना उचलून तेथे गेला. यंत्रे हलवणे हा धीराचा भाग असतो, हे त्या स्थलांतरावरून कळते. याच घराण्याच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीने १९४१ पासून हरिहर येथे लेथ बनवले, आणि देशभरच्या कारखान्यांत ते नाव ओतीव अक्षरांत पोहोचले. ती कंपनी आता उरलेली नाही. तिचे लेथ मात्र अजून फिरतात.

घरात ठेवण्याजोगा लहान लेथ ही मुख्यतः इंग्लंडची देणगी. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने आटे पाडण्याचा लेथ काटेकोर केला. पुढे शतकभराने तेथील हौशी लोक परसातल्या खोलीत बसून वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती घडवू लागले, आणि १८९८ पासून 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक त्यांच्यासाठी निघू लागले. पायाने चालवायचा ड्रमंड आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेला मायफोर्ड एमएल-७ हे त्यांचे लाडके. आपल्याकडे असा लेथ हौसेपेक्षा गरजेपोटी आला. कोणी निवृत्त होताना लिलावात जुना घेतला, कोणी राजकोटचा देशी लेथ घेतला. भिंतीवरच्या घड्याळाची खुंटी, शिवणयंत्राची झिजलेली दांडी, पंख्याचा बुश, मुलाच्या सायकलीचा आस: बाजारात न मिळणारी वस्तू घरी करून घेण्याचे ते साधन होते. बैठकीत त्याला जागा नसे. तो मागल्या पडवीत, जिन्याखाली. खंडेनवमीला मात्र त्याच्या चकावर झेंडूची माळ चढे.

अशा लेथाबरोबर दातेरी चाकांचा एक डबा असतो. तो उघडून पाहावा. मुख्य स्क्रूला इंचात आठ आटे असतील आणि आपल्याला सोळा हवे असतील, तर वीस दात्यांच्या चाकाने चाळीस दात्यांचे चाक फिरवायचे. स्क्रू निम्म्या वेगाने फिरतो आणि आटे दुप्पट दाट पडतात. काही डब्यांत १२७ दात्यांचे एक विचित्र चाक सापडते. एका इंचात २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट १२७. इंची लेथावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर हे चाक लागते. १९५८ पासून देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, तेव्हा इंची यंत्रे कोणी फेकून दिली नाहीत. हे चाक जोडून घेतले. त्या स्थित्यंतराचा इतका बोलका कागदही आम्ही पाहिलेला नाही.

निगा राखणे अवघड नाही, नेमाचे आहे. लेथाचा पाया बिडाचा. ज्या टेबलावर तो घट्ट आवळला आहे ते टेबल वाकडे असेल तर बीडसुद्धा पीळ खाते आणि दंडगोल कातायला जावे तो एका टोकाला निमुळता होतो. काम संपले की कीस ब्रशने झाडावा, मार्गिका पुसून तेलाचा हात फिरवावा. पावसाळ्यात प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये. आत दमट हवा कोंडते आणि गंज लवकर धरतो. तेल लावून जाड सुती कापड घालावे.

बडोद्यात एक जास्तीचे भय आहे, विश्वामित्रीचे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सुमारे ३७ फूट गाठले आणि नदीकाठच्या वस्त्यांत तळमजले बुडाले. बुडालेला लेथ मेलेला नसतो. आधी वीज तोडावी, स्वच्छ पाण्याने गाळ धुवावा, सॅडल व चक उतरवून प्रत्येक भाग रॉकेल किंवा डिझेलने पुसून तेलात घ्यावा. मोटर पूर्ण वाळवून तपासून घेतल्याशिवाय सुरू करू नये. हे पहिल्या दोन दिवसांत झाले नाही तर गंज मार्गिकेत उतरतो, आणि मग घरगुती उपाय उरत नाही.

आमच्या डोळ्यांदेखत गेलेले लेथ पुराने नेलेले नाहीत. ते वाडा उतरवताना गेले. मुले पुण्याला किंवा परदेशी, बिल्डरला जागा रिकामी हवी, आणि पडवीतली ही काळी वस्तू चौघांनाही उचलेना. मग भंगारवाला येतो, घणाने बीड फोडतो आणि किलोच्या भावाने नेतो. बीड ठिसूळ असते. चार घावांत पाया तुटतो. आम्ही एका घरी पोहोचलो तेव्हा हातगाडीवर तुकडे होते आणि घरातल्या वृद्ध बाई म्हणत होत्या, "अहो, ह्यांनी तो कधी कुणाला हात लावू दिला नव्हता."

म्हणून ज्यांच्या घरी तो अजून आहे, त्यांनी हलवण्याची रीत ठाऊक करून घ्यावी. मोटर, चक आणि टेलस्टॉक आधी वेगळे काढावे. वजन बरेच उतरते. लहान लेथ उरला तरी तो शंभर किलोंच्या आगेमागे असतो आणि सारा भार हेडस्टॉककडे असतो, म्हणून सॅडल दुसऱ्या टोकाला सरकवून आवळावे. दोर पायाच्या बिडाखालून घ्यावा. लांब स्क्रूला किंवा फिरत्या दांड्याला धरून कधीही उचलू नये, एकदा वाकलेला स्क्रू सरळ होत नाही. खाली जाड फळी बोल्टने जोडावी, म्हणजे जिन्यावरून घसरवता येतो. छोटा हत्ती टेंपोत तो आडवा, दोन्ही बाजूंनी बांधून न्यावा. आणि निघण्यापूर्वी माळा पाहावा. दातेरी चाकांचा डबा, चकाची किल्ली, चकाचे उलटे जबडे हे सामान लेथापाशी क्वचितच असते. ते जुन्या बिस्किटांच्या डब्यांत, माळ्यावर, दिवाळीच्या पणत्यांशेजारी असते.